पेटी चावते तेव्हा

मंडळी, आपल्या भागात वीज गेली की एका घरात दोन भाषांत आरडाओरडा होतो. माजघरातून "करंट गेला" आणि परसातून "करंट होतु". पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ते "होतु" ऐकून वाटतं, करंट अजून आहे म्हणतायत. कानडीत तो कधीचाच गेलेला असतो! असो. आज लिहायचंय ते करंट घरात असूनही मधेच मान टाकणाऱ्या एका यंत्राबद्दल. यंत्र म्हणजे व्हिडिओ गेमची उभी पेटी, आणि तीही विकत आणलेली नव्हे, घरी केलेली.

ज्यांचं शाळा-कॉलेज १९९० च्या आगेमागे झालं, त्यांना ही पेटी समजावून सांगायला नको. टॉकीजशेजारचा अरुंद गाळा, दाराला पडदा, आत अंधार, भिंतीला लागून चार-पाच उभी कपाटं. प्रत्येकापुढे दोघं खेळणारे आणि सहाजण फुकट बघणारे. १९९३ साली कॅपकॉम या जपानी कंपनीनं 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ काढला. एवढं लांब नाव आपल्याकडे कुणी घेतलं नाही. त्यातल्या एका गड्याच्या नावावरून अख्खा खेळच 'मुस्तफा' झाला. पोरगा त्या गाळ्यात दिसला की वाया गेला, असं समजायचे दिवस होते ते. आज तीच पोरं पन्नाशीकडे आली आहेत, आणि आपल्या मुलांसाठी तशीच पेटी घरी करावी अशी त्यांना हौस येते. १९९७ साली सुरू झालेल्या 'मेम' या प्रोग्रॅममुळे जुने खेळ साध्या कॉम्प्युटरवर चालू लागले. पुढे २०१२ पासून 'रास्पबेरी पाय' नावाचा पत्त्याच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर मिळायला लागला, आणि मग काय, प्लायवुड आणि उत्साह एवढंच कमी होतं.

माझं त्या काळी शहापुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गेमवाल्यांच्या पेट्याही यायच्या. त्यांच्या तक्रारी पुष्कळ असत, पण निम्म्याहून जास्त वेळा दुखणं एकाच जागी निघायचं, पॉवर सप्लायमध्ये. चित्र हलतंय, आवाजात घरघर आहे, नाणं टाकल्यावर खेळ परत पहिल्यापासून सुरू होतो, या सगळ्याचं मूळ पाच व्होल्टच्या वायरीत असायचं. १९८५ च्या सुमारास जपानमधल्या या धंद्यातल्या संघटनेनं सगळ्या पेट्यांसाठी 'जामा' नावाची एकसारखी जोडणी ठरवली. तिला ५६ पट्ट्या. त्यातल्या चार नुसत्या पाच व्होल्टसाठी आणि आठ परतीच्या, म्हणजे ज्याला आम्ही ग्राउंड म्हणतो, त्यासाठी. एका पट्टीनं भागलं असतं की! पण ठरवणाऱ्यांना ठाऊक होतं की व्होल्ट थोडे असले की करंट जास्त लागतो, आणि वाट अरुंद असली की तेवढे थोडे व्होल्टही वाटेतच संपतात. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ हकीकत. माझी मुलगी बैलहोंगलला दिली आहे. घर कानडी, पण आमच्या विहीणबाईंचं माहेर निपाणीचं, त्यामुळे चुलीपाशी मराठी आणि ओसरीवर कानडी असा कारभार. व्याही, म्हणजे त्यांच्या बोलीत बीगरू, फर्निचरच्या धंद्यातले. आता दुकान मुलाकडे दिलंय, पण हात गप्प बसत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत थोरल्या नातवानं मोबाइलवर पेटीचं चित्र दाखवलं आणि आजोबा-नातू कामाला लागले. १८ मिलिमीटरचं प्लायवुड, साडेपाच फूट उंची, कडांना पट्टी, आत जुना कॉम्प्युटरचा सपाट पडदा. पहिल्यांदा त्यांच्या मनात होतं जुन्या टीव्हीची काचेची नळी घालायची, तेव्हाचा तो गोलसर पडदा हवा म्हणून. मी फोनवरच नको म्हटलं. रंगीत नळीच्या टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो बराच वेळ राहू शकतो. पोरांच्या हाताजवळ ते कशाला?

जॉयस्टिक आणि बटणं बसवायला बीगरूंनी स्टीलचा पत्रा वापरला. कुणाच्या तरी किचन ट्रॉलीच्या कामातला उरलेला, चकचकीत. बटणं दिव्याची, दोघांसाठी दोन जथे. काम इतकं सुबक की गल्लीतली माणसं दोन दिवस बघायला येत होती. खरंच सांगतो, प्लायवुडचा असा सांधा मी भारी दुकानातही बघितलेला नाही.

पाऊस सुरू झाला आणि बीगरूंचा फोन आला. "बीगरे, ओम्मे बर्री." एकदा येऊन जा. एकटा मुलगा खेळला तर तासन् तास चालतं, दोघं खेळायला लागली की मधेच पडदा काळा आणि मग पहिल्यापासून सुरू. तोवर सल्लागारांची रांग लागून गेली होती. कुणी म्हणालं, गावात व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर घ्या. कुणी म्हणालं, सप्लाय बदला. नातवानं मेमरी कार्ड तीनदा पुसून सगळं नव्यानं भरलं होतं. बीगरू बोलत नव्हते, पण आवाज पडलेला होता. गल्लीला दाखवलेली वस्तू बंद पडणं म्हणजे काय, ते कारागिराला विचारा.

मी गेलो तो मल्टिमीटर, टेस्टर आणि सिरीज बोर्ड घेऊन. सिरीज बोर्ड म्हणजे १०० वॅटचा साधा बल्ब ओळीत घातलेला सॉकेट. आत कुठं शॉर्ट असलं तर बल्ब लखलखीत पेटून राहतो आणि फ्यूज, वायर, माणूस तिघंही वाचतात. सगळं ठीक असलं तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. जुन्या दुरुस्तीवाल्यांचं हे साधन आता दिसत नाही, पण घरी सप्लायशी खेळणाऱ्यानं पहिल्यांदा हे करून घ्यावं.

आत भोकाभोकांची पत्र्याची पेटी होती, दुकानाच्या एलईडी पाट्यांना वापरतात तसली. एका बाजूनं ५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूनं १२. अशा काही पेट्यांच्या कुशीत ११० आणि २२० असं लिहिलेलं एक बारीक बटण असतं. ते ११० वर राहिलं आणि आपल्या २३० ला जोडलं तर आतले कपॅसिटर फटाक्यासारखे जातात. म्हणून पहिली नजर तिथं. ते बरोबर होतं. सॉकेटला व्होल्टेज मोजलं तर २०८. तेवढं असलं की असली पेटी कुरकुरत नाही. स्टॅबिलायझरचा खर्च तिथंच वाचला.

मग प्लग काढून, थोडं थांबून, बॅटरीच्या उजेडात आत बघितलं. थांबायचं कारण असं की २३० व्होल्टचा दाब आत गेल्यावर सरळ होऊन साधारण ३२५ व्होल्ट होतो आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. प्लग काढला म्हणजे तो रिकामा झाला असं नव्हे. पेटीचं झाकण उघडायचं काम घरातल्या कुणीही करू नये. बाहेरून भोकांतून बघितलं तरी पुष्कळ कळतं. कपॅसिटरचं डोकं सपाट आहे की भाकरीसारखं फुगलंय, बुडाशी तपकिरी पाणी आलंय का, जळका वास आहे का. कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. साधारण दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. इथं डोकी सपाट होती, वास नव्हता. पेटी नवी होती.

आता मोजमाप. काहीही न जोडता ५ व्होल्टच्या टोकांवर ५.०६. इथं बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, सप्लाय चांगला आहे, बिघाड कॉम्प्युटरमध्ये. रिकाम्या बैलगाडीवरून बैलाची ताकद कशी कळणार? ओझं घालून मोजायला हवं. म्हणून नातवाला आणि शेजारच्या मुलाला खेळायला बसवलं, आणि मी मागच्या दारातून मीटर धरला. "काय करायलाईस आजोबा, आम्ही हरायलोय," असं मधूनमधून पुढून येत होतं.

आणि तिथंच गाडी दुसऱ्या रुळावर गेली. धाकटी नात, सहा वर्षांची, पेटीपासून चार हात लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी म्हटलं, "तू गं? तुझा नंबर नाही का?" ती म्हणाली, "अदु कडितैति." मग मला कळावं म्हणून मराठीत, "आजोबा, ते चावतंय."

सगळे हसले. विहीणबाई म्हणाल्या, चार दिवस झाले हेच म्हणतेय, मुंग्या बघितल्या, पत्र्याचा कोपरा कानसीनं घासून घेतला, तरी आपलं चावतंयच. नातू म्हणाला, "मी सांगितलंय तिला, चप्पल घालून खेळ म्हणजे चावत नाही."

मंडळी, मी मुलांना हात काढायला सांगितलं आणि आधी प्लग ओढला.

चप्पल घातल्यावर जे चावत नाही, ती मुंगी नव्हे. थोरल्यानं उपाय शोधला होता आणि तो बरोबरही होता, पण त्याला काय सापडलंय हे त्याला कळलेलं नव्हतं. मोठ्यांचं सगळं लक्ष खेळ बंद का पडतो याकडे, आणि घरात रोग होता तो वेगळाच. मुलांना लांब बसवून, स्वतः रबरी चप्पल घालून पेटी परत जोडली. स्टीलच्या पत्र्याला टेस्टर लावला तर आतला दिवा मंद पेटला. मीटरचं एक टोक पत्र्याला आणि दुसरं लांब वायरीनं परसातल्या बोअरच्या लोखंडी पाइपला लावलं, तर ९७ व्होल्ट! पावसाळ्याची ओल, शहाबादी फरशी, अनवाणी पोर.

घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण हे कसं होतं ते प्रत्येक घरानं समजून घ्यावं, कारण अशीच गत पुष्कळ घरांत कॉम्प्युटरची, वॉशिंग मशीनची असते. असल्या सप्लायमध्ये विजेचा कचरा बाहेर जाऊ नये म्हणून दोन बारके कपॅसिटर घातलेले असतात. एक फेज आणि पत्र्याच्या अंगामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि त्याच अंगामध्ये. यांनी येणारा थोडासा करंट अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जावा, अशी मूळ योजना. अर्थिंगच नसलं तर तो बिचारा जाणार कुठं? अंग त्या दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकतं आणि त्याच्यावर २३० च्या निम्म्याच्या आसपास दाब येतो. पेटीचं अंग, ५ व्होल्टची परतीची वायर, जॉयस्टिकचा लोखंडी दांडा, स्टीलचा पत्रा, सगळं एकमेकांना जोडलेलं. हात लावला की मुंग्या.

हा करंट फार छोटा असतो, एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर, आणि एवढ्यानं सहसा जिवाला काही होत नाही. काळजी पुढची आहे. आतलं इन्सुलेशन एक दिवस जळलं, उंदरानं वायर कुरतडली, किंवा स्क्रू सैल होऊन फेजची वायर पत्र्याला टेकली, तर तोच पत्रा पुऱ्या २३० व्होल्टचा होतो. अर्थिंग असलं तर त्या क्षणी फ्यूज उडतो. नसलं तर तो वाट बघत बसतो, ओल्या पायांचं कुणी येईपर्यंत. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा करंट काही काळ छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि आज मुंग्या येतात म्हणजे तो वाचवणारा रस्ता घरात नाही, हे नक्की झालं.

सॉकेट उघडायला लावला. भोकं तीन होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. घर जुनं, वायरिंग लाकडी पट्टीवरचं. कुणीतरी मागे दोन भोकांचं सॉकेट काढून तीन भोकांचं बसवलं, शोभेसाठी! आणि पेटीला लावलेली कॉर्डही दोन पिनांची, कुठल्याशा जुन्या टेपरेकॉर्डरची. म्हणजे घरात अर्थिंग असतं तरी या पेटीपर्यंत पोचलं नसतं.

इथं मी खेळाची दुरुस्ती अर्धी सोडली. नातवाला सांगितलं, खेळ बंद. तो रुसला. बीगरूंचंही तोंड उतरलं. मी त्यांना म्हटलं, "बीगरे, तुमच्या सुतारकामात दोष नाही. भिंतीत आहे." ते खरंच होतं. कॉर्डचा विषय तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. व्याह्याच्या घरी जाऊन व्याह्याची वायर काढायची म्हणजे काय असतं, ते ज्यांच्या मुली दिल्या आहेत त्यांना माहीत.

लायसन्सवाला वायरमन दुसऱ्या दिवशी आला. त्याचा पहिला प्रस्ताव, "अर्थिंगच्या भोकाला न्यूट्रलवरून एक तुकडा मारून देतो, दोन मिनिटांचं काम." हे काही जण करतात, आणि याच्यासारखं घातक काही नाही. न्यूट्रल कुठं खांबावर किंवा बोर्डात तुटला, की घरातला दिवा, पंखा यांच्यामधून आलेला फेज त्या तुकड्यावाटे सरळ फ्रिजच्या, मिक्सरच्या, पेटीच्या अंगावर येतो. तोंड गोड ठेवून त्याला नको म्हटलं. मग परसात खड्डा घेतला, पाइप उभा केला, कोळसा आणि मीठ थराथरानं भरलं, आणि तिथून सात-आठ सॉकेटना खरी वायर आली. मीटरशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला. जाणारा आणि परत येणारा करंट यांत तेवढा फरक पडला, म्हणजे मधे कुठंतरी तो जमिनीत चाललाय असं दिसलं, की हा डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. दर महिन्याला त्याच्यावरचं 'टेस्ट' बटण दाबून बघायचं असतं. कुणी बघत नाही.

गेमच्या पेटीला तीन पिनांची कॉर्ड आली. ती बीगरूंनी स्वतः बाजारातून आणली, मी बोलायच्या आत. हिरवी वायर सप्लायच्या अर्थच्या स्क्रूला, आणि तिथून एक वेगळी हिरवी वायर स्टीलच्या पत्र्याला, गोल टोक दाबून, दातेरी वायसर घालून. ही दुसरी वायर पुष्कळ जण विसरतात. परत मोजलं. ९७ च्या जागी अर्धा व्होल्टही नव्हता. नातीला हात लावायला सांगायच्या आधी मी लावला, मग बीगरूंनी लावला. तिनं एका बोटानं लावून बघितला आणि आमच्याकडे बघितलं. "कडियांगिल्ल," म्हणाली. चावत नाही.

आता राहिलेलं काम. परत सिरीज बोर्डवर बल्ब बघून, मग सरळ जोडून, दोघांना खेळायला बसवलं. मी मीटर बीगरूंच्या हातात दिला. आकडा आपण सांगण्यापेक्षा समोरच्याला वाचू द्यावा, निदान व्याह्याच्या बाबतीत तरी. सप्लायच्या टोकावर ५.०४. मग तीच सळई वर, पडद्यामागे, जिथं तो कॅटाएवढा कॉम्प्युटर बसवला होता तिथं. बीगरूंनी चष्मा वर केला. "नाल्कु पॉइंट ऐदु ओंबत्तु." ४.५९.

खालून निघताना ५.०४ आणि वर पोचेपर्यंत ४.५९. मधले ४५ शतांश व्होल्ट गेले कुठं? रास्पबेरी पाय ४.६३ च्या आसपास खाली गेला की तक्रार करतो, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात विजेच्या कोंबाचं पिवळं चित्र दाखवतो. ते चित्र नातवानं पहिल्या दिवसापासून बघितलं होतं. त्याला वाटलं, खेळातली ताकद मिळाली! मग मी बीगरूंना मोजायची आणखी एक रीत दाखवली. मीटरचं एक टोक लाल वायरीच्या खालच्या टोकाला आणि दुसरं त्याच वायरीच्या वरच्या टोकाला. धड वायर असली तर जवळजवळ शून्य यायला हवं. आलं ०.१७. काळी वायर तशीच मोजली, ०.२८. काळीला जास्त का? मधे एक जोड होता, पिळा मारून टेप गुंडाळलेला.

वायर होती गणपतीच्या आराशीच्या माळांना करंट द्यायला आणलेली, अर्ध्या चौरस मिलिमीटरची. तांब्याच्या अशा वायरीचा विरोध मीटरमागे साधारण ०.०३५ ओहम. जाऊन-येऊन चार मीटर, म्हणजे ०.१४ ओहम. दोघं खेळताना कॉम्प्युटर, दोन्हीकडचे दिवे आणि आवाजाचा छोटा ॲम्प्लिफायर मिळून अडीच अँपिअर, कारण सगळं त्याच एका वायरीवर होतं. गुणाकार करा, ०.३५ व्होल्ट वाटेतच. वरचे दहा शतांश त्या पिळ्यात. एकटा खेळला की करंट कमी, तूट कमी, म्हणून तेव्हा तासन् तास चालायचं. माळेतल्या दिव्यांना हीच वायर पुरते, कारण तिथं करंट थोडा असतो. २३० व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. पाचातून अर्धा गेला की दहावा हिस्सा गेला.

बीगरूंनी काही क्षण वायर बोटांत धरली. मग म्हणाले, "पाइपलाइनसारखंच की हो हे. टाकी भरलेली, नळाला धार नाही." मी म्हटलं, अगदी तसंच. त्यांच्या तोंडून आलं ते बरं झालं.

सप्लायवर एक बारीक स्क्रू असतो, त्यानं ५ व्होल्ट कमीजास्त करता येतात. जुने गेमवाले तोच पिळत बसायचे. तूट अर्ध्या व्होल्टची आहे ना, खाली साडेपाच करा म्हणजे वर पाच पोचतील! नातवानंही तेच सुचवलं, पोरगं हुशार आहे. पण खेळ थांबून करंट कमी झाला की वाटेतली तूटही कमी होते, आणि ते वाढवलेले व्होल्ट जवळजवळ सगळे वर पोचतात. ५ व्होल्टच्या सामानाला सव्वापाचच्या वर नेऊ नये. शिवाय अशा दोन व्होल्टच्या पेटीत पाच वाढवले की त्याच्याबरोबर बाराही चढतात. स्क्रू फिरवायचाच असेल तर वायर सुधारल्यावर, ओझं घालून, मीटरची टोकं कॉम्प्युटरपाशी धरून, केसाएवढा फिरवायचा.

घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली, मधे जोड न ठेवता. वर स्क्रूची कनेक्टर पट्टी बसवून तिथून बोटाएवढे बारीक तुकडे कॉम्प्युटरला दिले. ॲम्प्लिफायर आणि दिव्यांची वायर थेट सप्लायपासून वेगळी नेली, म्हणजे आवाज मोठा झाला तरी कॉम्प्युटरच्या ताटातलं कमी होणार नाही. खाली ५.१०, वर ५.०५. एकट्यानं खेळलं काय आणि दोघांनी खेळलं काय, शतांशातला एखादा आकडा हलायचा, तेवढाच. पिवळा कोंब गेला. मेमरी कार्ड मात्र एकदा नव्यानं भरावं लागलं, मधेच वीज तुटून तुटून त्यातल्या फायली खराब झाल्या होत्या. सप्लायचं दुखणं असं दुसऱ्याच्या अंगावर खुणा ठेवून जातं, आणि मग लोक त्या खुणांनाच औषध लावत बसतात.

कुणाच्या घरी अशी पेटी असेल किंवा करायचा बेत असेल, तर विकत घेताना दोन गोष्टींवर कंजूषपणा नको, तीन पिनांची कॉर्ड आणि जाड वायर. दोन्ही मिळून एका जॉयस्टिकच्या किमतीच्या आत येतात. सप्लाय तळाशी भुशात, धुळीत ठेवू नका, भोकांना हवा लागू द्या, आणि फेज-न्यूट्रलच्या उघड्या स्क्रूंवर झाकण हवंच. मागच्या दाराला कुलूप. बीगरूंनी पितळेचं लावलंय, किल्ली त्यांच्या जानव्याला नसली तरी कमरेला असते.

अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल टिकली तरच ते काम करतं, म्हणून कोरड्या दिवसांत तिथं पाणी घालावं लागतं. ते काम नातीनं मागून घेतलं आहे. फाल्गुनापासून मृगापर्यंत दर रविवारी एक बादली. घातली का म्हणून फोन केला की ती आधी कानडीत सांगते, मग मराठीत, आणि मग आज मुस्तफा कुठपर्यंत पोचला ते.